३०९९ वं अक्षर

इंजिनिअरिंग कॉलेजच्या मॅगझिनमध्ये व्हायरसवर लेख कशाला, असं तुम्हाला वाटेल. आमच्या मराठी विभागाच्या संपादकांनाही तसंच वाटलं. "त्यापेक्षा एखादी कविता दे ना," म्हणाले. कविता मला जमत नाही. शुद्धलेखनही बेताचंच (कॉन्व्हेंटची कृपा!), तेव्हा चुका पदरात घ्या. पण हा लेख मला लिहायचाच होता आणि त्याला एक कारण आहे.

माझे बाबा चाकणच्या एका व्हेंडर कंपनीत डिस्पॅचला आहेत. तिथे माल घेऊन जाणाऱ्या एका गाडीवर एक काका ड्रायव्हर आहेत. आमच्याकडे त्यांचं येणंजाणं असतं. त्यांचं नाव-गाव मी लिहीत नाही, आणि हे लिहिण्याआधी त्यांना विचारलं आहे, एवढं सांगते. काकांना एचआयव्हीची लागण आहे. ते रोज रात्री जेवल्यावर एक गोळी घेतात आणि गाडीही चालवतात. दिवाळीच्या सुट्टीत ते घरी आले होते. बाबा फोनवर बोलत गॅलरीत गेले, तेव्हा हळूच मला म्हणाले, "बाळा, तू शिकलेली आहेस म्हणून विचारतो. मागच्या ट्रिपला क्लीनर नवीन होता. तो डबी बघेल म्हणून आठ दिवस गोळी घेतलीच नाही. सगळे सांगतात चुकवू नका. पण चुकली तर आत नक्की होतं काय, ते कोणी सांगत नाही."

मी काय सांगणार? आमच्या शाळेत तो धडा आला तेव्हा मिसनी "सेल्फ स्टडी" म्हणून पुढची पानं उलटली होती. "काका, आधी डॉक्टरांना खरं सांगा," एवढं बोलून मी वेळ मारून नेली. सल्ला बरोबरच होता, पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं.

लाज वाटायचं आणखी एक कारण म्हणजे, ज्या भोसरी एमआयडीसीतून माझी बस रोज जाते, तिथेच जी ब्लॉकमध्ये या व्हायरसवर काम करणारी देशातली मोठी संस्था आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, १९९२ मध्ये तिथे नॅशनल एड्स रिसर्च इन्स्टिट्यूट सुरू केली. 'नारी' या नावाने ती ओळखली जायची. आता तिचं नाव बदलून नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सलेशनल व्हायरॉलॉजी अँड एड्स रिसर्च असं झालं आहे. आजूबाजूला प्रेस शॉप, फोर्जिंग, सीएनसीची वर्कशॉप्स आणि मध्येच ही संस्था. आम्ही आपले रोज गेटवरचा बोर्ड वाचून पुढे!

तर काकांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी व्हायरसच्या जीनोमपासून सुरुवात केली. जीनोम म्हणजे त्याचं पूर्ण ड्रॉइंग. किंवा आपल्या भाषेत, पूर्ण सोर्स कोड.

माणसाच्या जीनोममध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात. एचआयव्हीच्या ज्या नमुन्याला जगभर 'स्टँडर्ड' धरतात, त्याचं नाव एचएक्सबी२. आपल्या पेशीच्या डीएनएत शिरल्यावर त्याची लांबी भरते ९,७१९ अक्षरं. बस्स! टेक्स्ट फाईल केली तर दहा केबीसुद्धा होत नाही. माझ्या सेकंड इयरच्या एका असाइनमेंटचा कोड यापेक्षा मोठा होता, आणि तो चाललाही नव्हता.

या ९,७१९ अक्षरांत नऊ जीन्स बसवलेले आहेत आणि त्यांपासून १५ प्रोटीन्स बनतात. मुख्य जीन्स तीन, आणि ते कुठल्याही रेट्रोव्हायरसमध्ये याच क्रमाने येतात : गॅग, पोल, एन्व्ह. गॅग म्हणजे बॉडी आणि चासी. व्हायरसचं आतलं कवच यातून बनतं (टेस्टमध्ये जो पी२४ शोधतात तो इथलाच). एन्व्ह म्हणजे बाहेरच्या आवरणावरचे खिळे, जे आपल्या सीडी४ पेशीच्या दारावर अडकतात. आणि मधला पोल म्हणजे टूलरूम. त्यात तीन मशिन्स आहेत : प्रोटिएज, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज आणि इंटिग्रेज. काकांच्या प्रश्नाचं उत्तर या टूलरूममध्ये आहे, तेव्हा पोल हे नाव लक्षात ठेवा. उरलेले सहा छोटे जीन्स, टॅट, रेव्ह, व्हिफ, व्हीपीआर, व्हीपीयू आणि नेफ, हे कंट्रोल पॅनेल समजा. दोन्ही टोकांना एलटीआर नावाचा ६३४ अक्षरांचा एकसारखाच तुकडा असतो. व्हायरसचा स्टार्टचा स्विच त्यातच असतो.

आता इतक्या कमी जागेत हे सगळं मावतं कसं? प्रेस शॉपमध्ये पत्र्याचा लेआऊट करताना स्क्रॅप कमी व्हावा म्हणून एक ब्लँक दुसऱ्याच्या खाचेत बसवतात, ते ज्यांनी पाहिलं असेल त्यांना पटकन कळेल. व्हायरस तर त्याहून पुढे जातो. तो एकच पत्रा दोन पार्टसाठी वापरतो! कसा, ते मराठीतच दाखवते. पेशी जीनोम वाचते ती तीन-तीन अक्षरांच्या गटांनी. ही अक्षरं बघा :

अगरमकरतरसद

पहिल्या अक्षरापासून तीन-तीन वाचा : अगर, मकर, तरस. आता एक अक्षर सोडून सुरुवात करा : गरम, करत, रसद. अक्षरं तीच, पण शब्द सगळे वेगळे. (हे दहा अक्षरांचं जुळवायला मला एक अख्खं लेक्चर लागलं. कुठलं ते सांगत नाही.) एचआयव्हीमध्ये गॅगचा शेवट आणि पोलची सुरुवात अशीच एकमेकांवर चढलेली आहे. गॅग वाचता वाचता पेशीचं वाचनयंत्र एका ठरावीक जागी, साधारण वीसपैकी एकदा, एक अक्षर मागे घसरतं आणि मग पुढचं पोल वाचलं जातं. म्हणजे चासीचे वीस भाग तयार होतात तेव्हा मशीनचा एक सेट तयार होतो. एवढंच प्रमाण त्याला लागतं. आपल्या इथे हे जमवायला प्रॉडक्शन प्लॅनिंगचं वेगळं डिपार्टमेंट असतं.

पण ड्रॉइंग कितीही हुशारीचं असलं तरी त्याची कॉपी नीट निघाली पाहिजे. एचआयव्हीची खरी ताकद मात्र कॉपी नीट न निघण्यात आहे.

व्हायरसच्या कणात जीनोम आरएनएच्या रूपात असतो, आणि त्याच्या दोन प्रती असतात. पेशीत शिरल्यावर रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज त्या आरएनएवरून डीएनए बनवतं. आपल्या पेशीत माहिती सहसा डीएनएकडून आरएनएकडे जाते, इथे उलटी, म्हणून 'रेट्रो'. हे उलटं काम करणारं एन्झाइम हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये स्वतंत्रपणे शोधलं, आणि १९७५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या वेळी एचआयव्हीचं नावही कोणाला माहीत नव्हतं. नंतर इंटिग्रेज हे मशीन तो डीएनए आपल्या स्वतःच्या डीएनएत जोडून टाकतं. एकदा जोडला की तो त्या पेशीचाच भाग होतो. अशा काही पेशी वर्षानुवर्षं झोपून राहतात, आणि झोपलेल्या पेशीतल्या व्हायरसला गोळी काहीही करू शकत नाही. गोळी आयुष्यभर का, त्याचं उत्तर हे. काका नेमाने घेत होते तेव्हाही हे झोपलेले व्हायरस त्यांच्यात होतेच.

आता चुकांचं गणित करू. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज चुका तपासत नाही, त्याच्याकडे इन्स्पेक्शनच नाही. साधारण दर ३०,००० अक्षरांमागे ते एक चूक करतं. जीनोम सुमारे १०,००० अक्षरांचा, म्हणजे दर तीन कॉपींमागे एकीत एखादं अक्षर बदललेलं. उपचार न घेणाऱ्या माणसाच्या शरीरात दिवसाला हजार कोटींच्या आसपास नवे व्हायरस तयार होऊ शकतात. म्हणजे ९,७१९ पैकी कुठलंही एक अक्षर धरा, ते बदललेला व्हायरस जवळजवळ रोज कुठेतरी तयार होत असतो. बहुतेक बिघडलेलेच निघतात. पण एखादा कामाचा निघतो.

हे बदल आपल्याला दिसतात ते सिक्वेन्सिंगमुळे. फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये दिलेली पद्धत सोप्या शब्दांत सांगते. डीएनएची कॉपी काढताना अक्षरं एकामागे एक जोडली जातात, रेल्वेच्या डब्यांसारखी. प्रत्येक डब्याला पुढचा डबा जोडायला हूक असतो. सँगरनी काही डबे हूक नसलेले टाकले. असा डबा लागला की गाडी तिथेच थांबली. मग वेगवेगळ्या लांबीच्या हजारो अर्धवट गाड्या मिळतात. त्या लांबीप्रमाणे लावायच्या आणि प्रत्येकीचा शेवटचा डबा कुठल्या अक्षराचा ते पाहायचं. चार अक्षरांना चार रंग दिले की मशीन ते आपोआप वाचतं. एका वेळी सातशे-आठशे अक्षरं नीट वाचता येतात, म्हणून मोठा जीनोम तुकड्या-तुकड्यांनी वाचून जोडायचा. एचआयव्हीचा पूर्ण जीनोम असा पहिल्यांदा १९८५ मध्ये वाचला गेला. पुढे नवी मशिन्स आली, लाखो तुकडे एकदम वाचणारी, पण त्यांत शिरत नाही.

हूक नसलेला डबा मात्र विसरू नका, तो परत येणार आहे.

१९८५ मध्ये वाचलेले ते व्हायरस युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांचे होते, 'बी' उपप्रकाराचे. एचएक्सबी२ही बीच. भारतात पसरलेला व्हायरस मात्र मुख्यतः 'सी' आहे, आणि जगातल्या जवळजवळ निम्म्या लागणी या सीच्याच आहेत. लस, टेस्ट, औषधं यांवरचं बहुतेक काम बीवर चाललेलं, आणि आपल्याकडचा सी पूर्ण वाचलेलाच नाही, अशी नव्वदच्या दशकातली परिस्थिती होती. म्हणजे मशीन एका कंपनीचं आणि मॅन्युअल दुसऱ्या कंपनीचं.

हे मॅन्युअल लिहायला पुण्यातून सुरुवात झाली. भोसरीची संस्था आणि अमेरिकेतलं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांच्या संशोधकांनी पुण्यातल्या सहा जणांकडून व्हायरस मिळवले. सहाही जण नुकतीच लागण झालेले. त्या सहा व्हायरसचे जवळजवळ पूर्ण जीनोम त्यांनी वाचले. जानेवारी १९९९ च्या 'जर्नल ऑफ व्हायरॉलॉजी'मध्ये हा पेपर आला. पहिलं नाव कविता लोले यांचं, आणि सोबत रमेश परांजपे, दीपक गडकरी, स्मिता कुलकर्णी, रॉबर्ट बोलिंजर, स्टुअर्ट रे आदींची. सहापैकी पाच शुद्ध सी निघाले. सहावा गंमतशीर होता, 'ए' आणि 'सी' यांची गोधडी! एकाच पेशीत दोन प्रकारचे व्हायरस शिरले की पुढच्या कणात दोघांची एक-एक प्रत जाऊ शकते, आणि कॉपी करताना रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज एका प्रतीवरून दुसरीवर उडी मारतं. मग अर्धं याचं, अर्धं त्याचं.

ही शिवण नक्की कुठे आहे ते शोधणं हे आमच्या ब्रँचचं काम. दोन सिक्वेन्स शेजारी ठेवा, काहीशे अक्षरांची एक खिडकी घ्या, आत किती टक्के अक्षरं जुळतात ते मोजा, खिडकी थोडी पुढे सरकवा, परत मोजा, आणि ग्राफ काढा. ज्यांनी सिग्नल प्रोसेसिंगमध्ये मूव्हिंग अॅव्हरेज केलंय त्यांना हे नवं नाही. जिथे 'सी'ची रेघ खाली येते आणि 'ए'ची वर जाते, तिथे शिवण. स्टुअर्ट रे यांच्या या प्रोग्रॅमचं नाव सिमप्लॉट. पुढे तो जगभर वापरला गेला, आणि २०२० मध्ये कोरोनाचा जीनोम वटवाघळांतल्या व्हायरसशी ताडून पाहतानाही वापरला. सिमप्लॉट वापरणारे आजही संदर्भ म्हणून याच १९९९ च्या पेपरचं नाव देतात. पुण्याच्या सहा व्हायरसवरचा पेपर, आणि आम्ही सॉफ्टवेअर शिकतो पण आम्हाला पत्ता नाही!

त्याच पेपरमधला आणखी एक आकडा मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या रोगप्रतिकारक पेशी व्हायरसचे काही ठरावीक छोटे तुकडे ओळखून हल्ला करतात. प्रयोगशाळेतल्या बी व्हायरसचे असे जे तुकडे नीट माहीत होते, त्यांतले फक्त ३८ टक्के या पुण्याच्या व्हायरसमध्ये जसेच्या तसे सापडले. बीवर बनवलेली लस इथे जशीच्या तशी चालेल हे गृहीत का धरता येत नाही, ते या एका आकड्यावरून कळतं.

या सहांपैकी एकाचं नाव आहे ९५आयएन२१०६८. ९५ म्हणजे १९९५, आयएन म्हणजे इंडिया, पुढे नंबर. सी उपप्रकार ओळखायला जगभरचे संशोधक जे थोडे नमुने प्रमाण मानतात, त्यांत हा एक. तो इंटरनेटवर जीनबँकेत कोणालाही फुकट मिळतो. मी उतरवून घेतला, आणि पायथनच्या चार ओळींत त्याची अक्षरं मोजली. 'ए' हे अक्षर सर्वात जास्त. एचआयव्हीच्या जीनोमची ही ओळखच आहे, साधारण एक-तृतीयांशाहून जास्त अक्षरं 'ए'. स्क्रीनवर नुसती अक्षरं पळत होती, पण ती १९९५ साली पुण्यात राहणाऱ्या कोणाच्या तरी रक्तातून आलेली. ते मला जरा वेळाने जाणवलं.

आता काकांची गोळी. सरकारी एआरटी सेंटरमधून आता बहुतेकांना टीएलडी मिळते. एका गोळीत तीन औषधं असतात : टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्यूटेग्राव्हिर. तिन्हींचं टार्गेट पोलच्या टूलरूममध्ये. डोल्यूटेग्राव्हिर इंटिग्रेजला जॅम करतं. आणि टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन म्हणजे? हूक नसलेले डबे! रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज त्यांना खरी अक्षरं समजून जोडतं, आणि गाडी तिथेच थांबते. जी युक्ती वापरून सँगरनी जीनोम वाचला, त्याच युक्तीने ही औषधं जीनोमची कॉपी अडवतात. हे मला कळलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मी आईला उठवून सांगितलं. आईची प्रतिक्रिया इथे छापण्यासारखी नाही.

पण चुकीचा डबा ओळखायला शिकलेला व्हायरसही असतो. एचएक्सबी२ च्या नंबरिंगप्रमाणे ३०९९, ३१०० आणि ३१०१ ही तीन अक्षरं एटीजी अशी आहेत. त्यांतलं ३०९९ वं अक्षर 'ए'चं 'जी' झालं की रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजचा १८४ वा भाग बदलतो. डबा जिथे बसवतात त्या जागीच मशीनचा आकार किंचित बदलतो, लॅमिव्हुडिन तिथे नीट बसत नाही आणि खरी अक्षरं बसतात. डॉक्टरांच्या भाषेत एम१८४व्ही. फक्त एका अक्षराचा फरक! आणि वरचं गणित आठवा, एका अक्षराचा बदल रोज कुठेतरी होतच असतो.

म्हणून औषधं तीन एकदम. एक अक्षर बदलून एक औषध चुकवता येतं, पण एकाच कॉपीत तिघांना चुकवणारे सगळे बदल जुळून येणं जवळजवळ अशक्य. आणि मुळात तिन्ही औषधं रक्तात पुरेशी असली की कॉपीच निघत नाही. कॉपी नाही तर चूक नाही, आणि चूक नाही तर नवा व्हायरस नाही.

गोळी चुकली की काय होतं? एखाददुसरी चुकली तर आकाश कोसळत नाही, आठवली की घ्यायची. डोल्यूटेग्राव्हिर त्या बाबतीत चिवट औषध आहे. पण ओळीने दिवस गेले की रक्तातलं औषध उतरतं, तिन्ही एकदम नाही, प्रत्येक आपापल्या वेगाने. झोपलेल्या पेशींतल्या काही जाग्या होतात आणि कॉपीचा कारखाना परत सुरू होतो. पूर्ण बंद केलं तर साधारण दोन ते चार आठवड्यांत व्हायरस रक्तात परत दिसू लागतो. औषध थोडंच उरलेलं असतं तो काळ सर्वात वाईट. साध्या व्हायरसला अडवायला ते थोडंफार पुरतं, बदललेल्याला पुरत नाही, त्यामुळे बदललेला पुढे जातो. आणि तो एकदा आपल्या डीएनएत जोडला गेला की तिथेच राहतो. नंतर गोळी नियमित केली तरी ३०९९ वं अक्षर बदललेली ती प्रत फाईल होऊन बसलेली असते. गोळी चालेनाशी झाल्याचा संशय आला तर डॉक्टर पोलचा तो भाग सिक्वेन्स करून कुठली अक्षरं बदललीत ते बघतात आणि औषधं बदलतात.

हे सगळं मी काकांना कसं सांगितलं? पुढच्या वेळी आले तेव्हा पेपरच्या मागे डबे काढून. त्यांना हूकचं लगेच पटलं, ट्रेलरचं कपलिंग त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत. मग म्हणाले, "म्हणजे क्लीनरच्या भीतीने मीच त्याला ट्रेनिंग दिलं म्हण की." मी म्हटलं, आठ दिवसांत काय झालं ते अंदाजाने सांगता येत नाही, व्हायरल लोड सांगेल. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याबद्दलही सांगितलं. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि एचआयव्ही आहे म्हणून भेदभाव करून कामावरून काढणं त्यात बेकायदेशीर आहे. ते हसले. "कायदा क्लीनरला कोण वाचून दाखवणार?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शेवटी बाबांनी तोडगा काढला : व्हिटॅमिनच्या गोळ्यांची रिकामी बाटली. पण डॉक्टरांनी सांगितलं, औषध मूळ बाटलीतच ठेवा, ओल लागते. मग मूळ बाटलीवरच बाबांच्या डिस्पॅचमधलं एक पांढरं लेबल चिकटलं, 'अॅसिडिटी'. आता क्लीनरसमोर घेतात.

रिपोर्ट गेल्या महिन्यात आला. रक्तात व्हायरस मोजण्याइतकाही नाही. असा रिपोर्ट टिकून राहिला तर त्या माणसाकडून लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालं आहे. काकूंसाठी हे वाक्य मी दोनदा सांगितलं. काकांनी कागदाची चौकोनी घडी केली, लायसनच्या प्लॅस्टिकमध्ये सरकवली आणि मला विचारलं, "तो तुझ्या कॉम्प्युटरमधला, पंच्याण्णव सालचा, एकवीस हजार का काय नंबरवाला. त्याला मिळाल्या का गोळ्या?"

१९९५ साली तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत जगात कुठेच रुळली नव्हती. भारतात सरकारी दवाखान्यांतून मोफत एआरटी सुरू झाली १ एप्रिल २००४ ला. मी काकांना ही दोन वर्षं सांगितली. ते काही बोलले नाहीत, चहा संपवला आणि गाडी लोड झाली का ते बघायला बाबांबरोबर खाली गेले.